चवथीच्या मखरासाठी घरी केलेले एलईडी दिवे, आणि ते मंद कसे करायचे

आमच्या घरी दीड दिवसाचा गणपती. दीड दिवसात दिवे बिघडले तर दुरुस्तीला उसंत मिळत नाही, म्हणून दिव्यांचं काम श्रावणातच उरकायचं ही आमच्याकडची रीत. ती लागली मात्र एका फजितीनंतर. एका वर्षी बाजारातून आठ तऱ्हांनी लुकलुकणारी माळ आणून मखराला गुंडाळली. आरती सुरू झाली आणि माळेने आपला सातवा प्रकार काढला, तो धडधड चमकण्याचा. आईने आरती न थांबवता डाव्या हाताने प्लग उपटला आणि नंतर विचारलं, ‘‘मूर्ती बघायची की बल्ब?’’

तेव्हापासून मखराचे दिवे मी घरीच करतो, आणि ते मंद करता येतील असेच करतो. माझा हिशेब साधा आहे. माटोळीखाली, म्हणजे मूर्तीच्या वर फळं-पानं बांधून टांगलेल्या चौकटीखाली, समई तेवत असते आणि मखरातला उजेड तिच्यावर मात करणारा नसावा. कवंडळांचा केशरी रंग, सुपारीची शिपटं, तोरिंग, आंब्याचे टाळे हे सगळं वरून लोंबत असतं. ते दिसायला हवं, पण प्रदर्शनातल्यासारखं नको. एवढं साधायला दिवे कमी करून भागत नाही. दिवे तेच ठेवून त्यांचा उजेड कमी-जास्त करता यावा लागतो.

हा लेख कधी सोल्डरिंग आयर्न हातात न धरलेल्यांसाठी आहे. दिवाळीचा आकाशकंदील किंवा नाताळचा तारा करणाऱ्यांनाही हेच सर्किट चालेल.

आधी एक नियम

२३० व्होल्टच्या बाजूला हात लावायचा नाही. भिंतीतल्या प्लगमध्ये तयार, बंद डब्यातला १२ व्होल्टचा अडॅप्टर जाईल. आपण जे काही कापू, जोडू, बिघडवू ते त्याच्या अलीकडच्या १२ व्होल्टच्या बाजूला. गोव्यात चवथ येते ती पावसात. भिंतींना ओल असते, फरशी दमट असते आणि घरात पाहुण्यांची ओल्या पायांनी ये-जा चालू असते. अशा वेळी २३० व्होल्टची उघडी जोडणी मखरात असणं म्हणजे विघ्नहर्त्याची नाहक परीक्षा घेणं.

याच कारणासाठी बाजारातल्या माळेला पंख्याचा रेग्युलेटर लावू नका. दरवर्षी कोणी ना कोणी मला हे विचारतंच. तो रेग्युलेटर पंख्याच्या मोटरसाठी असतो. स्वस्त माळेतलं सर्किट विजेची लाट आधीच कापत असतं, त्यावर आणखी एक कापणारा बसला की माळ फडफडते, गरम होते आणि कधीकधी जळते.

सामान

खालचं सगळं सामान म्हापसा, पणजी, मडगाव, फोंडा इथल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळावं. नाहीतर ऑनलाइन मागवा, पण पावसात पार्सलला उशीर होतो हे धरून चाला.

दिव्यांसाठी ५ मिलिमीटरचे वॉर्म व्हाइट एलईडी ४० घ्या (लागतील ३६, चार हात बसेपर्यंत जातील), १८० ओहमचे पाव वॅटचे रेझिस्टर १५, आणि वायर. वायर विकत घ्यायची गरज नाही. जुनी नेटवर्क केबल सोलली की आठ रंगांच्या बारीक तारा मिळतात आणि आपल्या कामाला तेवढी जाडी पुरते. फक्त त्या आतून एकसंध असतात, पुन्हापुन्हा वाकवल्या तर तुटतात.

डिमरसाठी, म्हणजे उजेड कमी-जास्त करणाऱ्या सर्किटसाठी, ५५५ टायमरची चिप एक, तिचा आठ पायांचा सॉकेट, आयआरएफझेड४४एन हा मॉस्फेट (विजेच्या इशाऱ्यावर चालू-बंद होणारा स्विच), १एन४१४८ डायोड दोन (डायोड करंट एकाच दिशेने जाऊ देतो), १०० के चा पॉट (दांडा फिरवून बदलता येणारा रेझिस्टर; के म्हणजे हजार ओहम), १०० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचा कपॅसिटर, १० नॅनोफॅरडचे दोन आणि १०० नॅनोफॅरडचा एक कपॅसिटर. रेझिस्टर तीन: २२० ओहम, १ के, १० के. शिवाय झिरो पीसीबीचा, म्हणजे भोकं पाडलेल्या सोल्डरिंगच्या पट्टीचा, एक तुकडा आणि अडॅप्टरची पिन बसेल असा डीसी जॅक.

हत्यारांत २५ वॅटचा सोल्डरिंग आयर्न, सोल्डरची तार, कटर आणि मल्टिमीटर. सर्वांत स्वस्त मल्टिमीटर चालेल, पण तो हवाच. त्याच्याशिवाय हे काम म्हणजे अंधारात सुईत दोरा ओवणं.

अडॅप्टर १२ व्होल्ट, १ अँपिअरचा. घरात जुन्या राउटरचा पडला असेल तर तो घ्या, पण आधी मल्टिमीटरने मोजा. पूर्वीचे जड, आत ट्रान्सफॉर्मर असलेले अडॅप्टर ‘१२ व्होल्ट’ लिहूनही बिनभाराचे १६ व्होल्टपर्यंत देतात. हलका, नव्या पद्धतीचा अडॅप्टर बाराच्या जवळपास राहतो. आपला पुढचा सगळा हिशेब बारावर उभा आहे.

एलईडी बल्बसारखा वागत नाही

पिवळ्या उजेडाच्या जुन्या बल्बला व्होल्टेज थोडं कमी दिलं की तो थोडा मंद होई. एलईडीचं तसं नसतं. ठरावीक व्होल्टेजपर्यंत तो जवळजवळ बंदच असतो, आणि ते ओलांडलं की करंट झपाट्याने वाढतो. लाल आणि पिवळ्या एलईडीला साधारण २ व्होल्ट लागतात. पांढऱ्या, निळ्या आणि चकचकीत हिरव्या एलईडीला ३ ते ३.२. पांढरा हा मुळात निळाच एलईडी असतो, वर पिवळी फॉस्फरची पूड बसवलेली, म्हणून दोघांचं व्होल्टेज सारखं. (निळा एलईडी करायला इतकी वर्षं लागली की त्यासाठी २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल दिलं गेलं. लाल एलईडी त्याच्या कितीतरी आधीपासून रेडिओच्या तोंडावर लुकलुकत होता.)

म्हणजे एलईडीला आवर घालायचा तो करंटचा, आणि ते काम रेझिस्टर करतो. ५ मिलिमीटरच्या एलईडीला २० मिलिअँपिअर ही वरची मर्यादा धरतात. मी १५ वर थांबतो. उजेडात फरक कळत नाही आणि एलईडी वर्षानुवर्षं टिकतो.

आता गणित. तीन पांढरे एलईडी एकामागोमाग जोडले तर सुमारे ९.२ व्होल्ट त्यांच्यात जातात. बारातून ९.२ वजा केले की २.८ उरले. १५ मिलिअँपिअर म्हणजे ०.०१५ अँपिअर. २.८ भागिले ०.०१५ म्हणजे १८७. बाजारात मिळणारी जवळची किंमत १८० ओहम. झालं. चार पांढरे एका साखळीत का नाहीत? चौघांना बारापेक्षा जास्त व्होल्ट लागतील, ते धड पेटणार नाहीत. लाल असतील तर एका साखळीत पाच बसतात: दहा व्होल्ट त्यांचे, दोन उरले, १५० ओहमचा रेझिस्टर लावला की १३ मिलिअँपिअर. दिवाळीला नरकासुराचा पुतळा उभारून त्याचे डोळे करणाऱ्या पोरांनी हे टिपून ठेवावं.

प्रत्येक साखळीला तिचा स्वतःचा रेझिस्टर हवा. पैसे वाचवायला मी पहिल्या वर्षी बारा साखळ्या एकाच रेझिस्टरवर टांगल्या होत्या. दोन एलईडी कधीही तंतोतंत सारखे नसतात. ज्या साखळीला किंचित कमी व्होल्ट पुरतात ती जास्त करंट ओढते, त्याने तापते, तापली की आणखी ओढते. माझी एक साखळी दिव्यासारखी झळाळली, बाकीच्या काजव्यासारख्या, आणि तासाभरात झळाळणारी मेली. वाचले होते अकरा रेझिस्टर.

साखळ्या करणे

एलईडीचा लांब पाय प्लस. पाय कापल्यावर ओळखायचं झालं तर कडेला जिथे गोलाई सपाट केलेली असते ती मायनसची बाजू. संशय आला तर घड्याळात घालतात तसल्या ३ व्होल्टच्या चपट्या सेलच्या दोन्ही बाजूंना पाय लावून बघा. मंद का होईना, पण पेटेल. उलटा लागला तर पेटत नाही, बिघडतही नाही. सगळे ४० एलईडी आधी असेच तपासा. बसवल्यावर मेलेला शोधणं फार कंटाळवाणं.

नवा एलईडी टॉर्चसारखा सरळ समोर प्रकाश फेकतो. मखराच्या मागच्या पुठ्ठ्यावर त्याचे गोल गोल ठिपके पडतात आणि समोर बसलेल्यांच्या डोळ्यांत तो खुपतो. बारीक पॉलिश पेपरवर त्याचं टोक गोल फिरवत घासा, प्लास्टिक दुधाळ झालं की पुरे. चाळीस एलईडी घासायला एक संध्याकाळ लागते. हे काम मुलांना द्या, ती आवडीने करतात. घाई असेल तर टोकावर ग्लू गनचा एक थेंब सोडला तरी उजेड पसरतो, पण थेंब प्रत्येक वेळी निराळा पडतो.

आता जोडणी. प्लसच्या तारेतून १८० ओहमचा रेझिस्टर, रेझिस्टरचं दुसरं टोक पहिल्या एलईडीच्या लांब पायाला, त्याचा आखूड पाय दुसऱ्याच्या लांब पायाला, तसंच तिसऱ्याला, आणि तिसऱ्याचा आखूड पाय मायनसच्या तारेला. दोन एलईडींमधली तार मखराच्या मापाने ठेवा. मी वीतभर ठेवतो.

सोल्डर करताना आधी आयर्नने जोड तापवायचा, मग तार जोडाला लावायची. सोल्डर जोडावर पाण्यासारखा पसरला पाहिजे. गोळा होऊन बसला तर तो वरून चिकटलेला असतो, आतून नाही. एका पायावर आयर्न तीन सेकंदांपेक्षा जास्त धरू नका, एलईडी तापून मरतो. धूर नाकात जाऊ देऊ नका. पावसात खिडक्या बंद असतात, तेव्हा पंखा मंद लावून तोंड त्याच्या उलट दिशेला ठेवा.

जोडांवर आकसणारी स्लीव्ह चढवा आणि ती सोल्डर करण्याआधीच तारेत ओवून ठेवा. मी पंचवीस वर्षं हे काम करतो आहे आणि अजून विसरतो.

प्रत्येक साखळी झाली की लगेच अडॅप्टरला लावून पेटवून बघायची आणि मगच पुढची घ्यायची. बारा साखळ्या, प्रत्येकी १५ मिलिअँपिअर, मिळून १८०. एक अँपिअरच्या अडॅप्टरला हे काहीच नाही. त्यामुळे पुढच्या वर्षी हौस वाढली तरी जागा आहे. सगळ्या साखळ्यांचे प्लस एकत्र, सगळ्यांचे मायनस एकत्र, अशा शेवटी दोनच तारा मखरातून बाहेर याव्यात.

मंद करण्याच्या तीन वाटा, पैकी दोन सोडून द्या

पहिली वाट सगळ्यांना सुचते: साखळ्यांच्या आधी एक पॉट बसवायचा आणि फिरवायचा. पॉट हा बदलता रेझिस्टर, त्यामुळे उजेड कमी होतो खरा. पण छोटा पॉट एवढ्या करंटला केलेला नसतो, टोकाजवळ जळून जातो. जळला नाही तरी थोडा फिरवला की सगळा बदल होऊन जातो आणि उरलेला फेरा फुकट.

दुसरी वाट व्होल्टेज कमी करण्याची. बारावर पूर्ण पेटणारी तीनाची साखळी नऊला बरीच मंद होते आणि आठच्या खाली जवळजवळ विझते. म्हणजे सगळा खेळ दोन-तीन व्होल्टच्या पट्ट्यात. त्यात लाल आणि पांढऱ्या साखळ्या एकत्र असतील तर दोन्ही वेगवेगळ्या वेळी विझतात. मखर डावीकडे उजळ आणि उजवीकडे काळोखं, असं एकदा बघितलं की पुरे.

तिसरी वाट चालू-बंद करण्याची. दिव्याला व्होल्टेज पूर्ण द्यायचं, पण सेकंदात हजारदा तोडायचं. प्रत्येक वेळी चालू किती आणि बंद किती, एवढंच बदलायचं. निम्मा वेळ चालू तर सरासरी प्रकाश निम्मा. डोळ्याला लुकलुक कळत नाही, स्थिर मंद उजेडच दिसतो. याला पीडब्ल्यूएम म्हणतात. एलईडी क्षणात पेटतो आणि क्षणात विझतो म्हणून हे जमतं, आणि लाल-पांढऱ्यांचं प्रमाण तळापर्यंत तेच राहतं.

असा डिमर तयार डबीतही मिळतो. प्लस-मायनस आत, प्लस-मायनस बाहेर, मध्ये एक बटण. वेळ नसेल तर तो घ्या, त्यात कमीपणा नाही. पण ५५५ चा डिमर एका दुपारी होतो आणि काय चाललंय ते कळतं.

५५५ चा डिमर

चिपची खाच वर धरा. डावीकडे वरून खाली १, २, ३, ४ आणि उजवीकडे खालून वर ५, ६, ७, ८. पीसीबीवर आधी सॉकेट सोल्डर करा, चिप शेवटी बसवा.

१ नंबरचा पाय मायनसला, ८ नंबरचा १२ व्होल्ट प्लसला. ४ नंबर ८ ला जोडा. ५ नंबरपासून १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर मायनसला. २ आणि ६ एकमेकांना जोडा. या जोडाला मी गाठ म्हणेन. गाठीपासून दुसरा १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर मायनसला. ७ नंबर मोकळा. ८ आणि १ च्या मध्ये १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, त्यावर पट्टा असलेली बाजू मायनसला, आणि त्याच्याच शेजारी १०० नॅनोफॅरडचा.

आता पॉट. दांडा आपल्याकडे आणि पाय खाली, असा धरा. मधला पाय १ के रेझिस्टरमधून चिपच्या ३ नंबरला. डाव्या पायापासून एक डायोड गाठीला, डायोडवरचा काळा पट्टा गाठीकडे. उजव्या पायापासून दुसरा डायोड गाठीला, पण याचा पट्टा पॉटकडे. ३ नंबर चालू असला की कपॅसिटर डाव्या वाटेने भरतो. बंद झाला की उजव्या वाटेने रिकामा होतो. पॉट फिरवला की एक वाट सोपी आणि दुसरी अवघड होते, पण दोन्हींची बेरीज साधारण तेवढीच राहते. म्हणून वेग हजार हर्ट्झच्या आसपास टिकतो आणि बदलतं ते फक्त चालू-बंदचं प्रमाण.

शेवटी मॉस्फेट. चिप स्वतः बारा साखळ्या कशाबशा ओढेल, पण ती गरम होईल आणि आणखी चार साखळ्या लावल्या की संपेल. मॉस्फेटवरचे अक्षर आपल्याकडे धरा. डावीकडून गेट, ड्रेन, सोर्स. गेट २२० ओहममधून ३ नंबरला. गेट आणि सोर्सच्या मध्ये १० के. सोर्स मायनसला. दिव्यांचा मायनस ड्रेनला. दिव्यांचा प्लस मात्र थेट अडॅप्टरच्या प्लसला जातो, डिमर मधे येत नाही. आपण मायनसच्या बाजूने तोडतो आहोत.

ड्रेन आणि सोर्सची अदलाबदल झाली तर दिवे पूर्ण पेटतात आणि पॉट कितीही फिरवला तरी हलत नाहीत. मॉस्फेटच्या पोटात एक डायोड असतो, तो उलट्या जोडणीत सतत वाहतो. आणि १० के विसरलात तर गेट अधांतरी राहतं. चिप काढलेली असताना नुसतं बोट जवळ नेलं तरी दिवे उगाच उजळतात. भुताटकी नाही, १० के नाही.

मॉस्फेटच्या पाठीचा धातूचा पत्रा ड्रेनला जोडलेला असतो, तो कशाला लागू देऊ नका. दोन अँपिअरपर्यंत तो कोमटही होत नाही, हीट सिंकची गरज नाही.

अर्ध्या फेऱ्यात सगळा उजेड का येतो

डिमर चालला की पहिला आनंद ओसरतो आणि लक्षात येतं की पॉट अर्धा फिरवला तोच दिवे जवळपास पूर्ण दिसतात. उरलेला अर्धा फेरा फारसं काही करत नाही. सर्किट बरोबर आहे, डोळा तसा आहे. डोळ्याला अंधाराजवळचे बारीक फरक कळतात, उजेडातले कळत नाहीत. ‘निम्मा उजेड’ असं डोळ्याला वाटायला प्रत्यक्ष प्रकाश निम्मा नव्हे, सुमारे एक पंचमांश लागतो.

यावर उपाय स्वस्त आहे. पॉटच्या पाठीवर ‘बी१००के’ लिहिलं असेल तर तो सरळ चढणारा. दुकानात ‘ए१००के’ मागा. तो रेडिओच्या आवाजासाठी असतो, सुरुवातीला हळूहळू आणि शेवटी भरभर चढतो. कानाचंही डोळ्यासारखंच आहे, त्यामुळे तो आपल्याला चपखल बसतो. बसवल्यावर उजवीकडे फिरवताना उजेड कमी होत असेल तर पॉटचे डायोड उलटसुलट लागले आहेत, दोघांची दिशा बदला. पॉटच्या कडेच्या दोन पायांच्या तारा आपसांत बदलल्या तरी तेच होतं.

हा डिमर अगदी शून्यावर येत नाही. काळोख्या खोलीत तळाला बारीकशी धग राहते. मला ती आवडते. सगळे जेवून झोपले की मखरात तेवढाच उजेड असतो. ज्यांना पूर्ण बंद हवं त्यांनी अडॅप्टरच्या तारेत एक स्विच घालावा.

रंगाचंही बघा. दुकानदार ‘व्हाइट’ म्हणून निळसर पांढरा देतो. वॉर्म व्हाइट म्हणजे साधारण २७०० ते ३००० केल्विन. समईची ज्योत १९०० च्या आसपास, म्हणजे तिच्यापेक्षाही पिवळी. निळसर पांढऱ्या उजेडात हळद-कुंकू फिकं दिसतं आणि कवंडळं चक्क मातकट. जुना बल्ब मंद केला की लालसर होत जाई, एलईडी तसा होत नाही, फक्त कमी होतो. म्हणून दर चार साखळ्यांमागे एक पिवळी साखळी घाला. ती पाच पिवळ्या एलईडींची, १५० ओहमची.

नॅनो लावायचा असेल तर

हळूहळू उजळणं, श्वासासारखं मंदावणं हे पॉटने होत नाही. त्यासाठी अर्डुइनो नॅनो हा प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड लावतात. प्रोग्रामचं शिक्षण इथे मावणार नाही, पण नवख्यांना अडणाऱ्या गोष्टी सांगतो.

नॅनो ५ व्होल्टचा इशारा देतो आणि आयआरएफझेड४४एन ला तेवढ्यात पूर्ण उघडता येत नाही, तो अर्धवट उघडून तापतो. इथे आयआरएलझेड४४एन घ्या, नावात ‘एफ’ च्या जागी ‘एल’. एका अक्षराचा फरक, पण दुकानात हमखास गल्लत होते. नॅनोचा मायनस आणि अडॅप्टरचा मायनस एकत्र जोडायला विसरू नका, नाहीतर काहीच होत नाही आणि तुम्ही प्रोग्राम शोधत बसता.

० ते २५५ अशी पातळी देताना डोळ्याचा हिशेब प्रोग्राममध्ये घाला: पातळीचा वर्ग करून २५५ ने भागा. पण नॅनोवरची साधी पूर्णांकाची जागा ३२,७६७ पर्यंतच मोजते आणि २५५ चा वर्ग ६५,०२५ होतो. मोठी जागा घेतली नाही तर दिवे मध्येच दचकून विझतात. शिवाय तळाशी १ वरून २ वर जाणं म्हणजे उजेड दुप्पट होणं, तो धक्का दिसतो. मी ३ च्या खाली जात नाही.

मखरापुढे मोबाइलने व्हिडिओ काढताना काळे पट्टे सरकताना दिसतात, तेही यातूनच येतं. नॅनो बहुतेक पिनांवर सेकंदाला सुमारे ४९० वेळाच तोडतो. ५५५ च्या हजाराने पट्टे कमी होतात, जात नाहीत. गाठीवरचा १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर ४.७ चा केला की वेग दुप्पट होतो. फोटोची फार चिंता असेल तर आरतीच्या वेळी दिवे पूर्ण करा, पूर्ण उजेडात तोडणं जवळजवळ नसतंच.

प्रत्येक दिव्याचा रंग निराळा करणाऱ्या पिक्सेल पट्ट्या हा वेगळा विषय. एवढंच सांगतो की त्यातला एक दिवा पूर्ण पांढरा असताना ६० मिलिअँपिअरपर्यंत ओढतो. पन्नास दिवे म्हणजे ५ व्होल्टवर तीन अँपिअर, मोबाइलच्या साध्या चार्जरचं ते काम नाही.

ओल, खार आणि साठवण

आमच्या नात्यातलं एक घर कळंगुटला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. तिथे उघड्या तांब्याच्या जोडावर एका हंगामात हिरवी बुरशीसारखी पूड धरते. आकाशकंदील आणि नाताळचा तारा तर बाहेरच टांगलेले असतात. जोड सिलिकॉनने बंद करा, पण व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन नको, त्यातलं आम्ल तांबंच खातं. ट्यूबवर ‘न्यूट्रल’ लिहिलेलं मागा. तार दिव्याकडे जाताना खाली एक झोळ देऊन मग वर न्या. पावसाचं पाणी तारेवरून ओघळतं ते झोळाच्या तळाला ठिबकतं, डब्यात शिरत नाही.

अडॅप्टर बाहेर ठेवू नका आणि माटोळीच्या खालीही नाही. टाळ्यांवरचं पाणी, फळांचा चीक, कधी एखादी मुंगळ्यांची रांग, सगळं सरळ खाली येतं. गडगडाट सुरू झाला तर प्लग काढून ठेवा.

त्रिपुरारी पौर्णिमेला साखळी गावाजवळ विठ्ठलापूरला वाळवंटी नदीत नौका सोडतात. तसल्या नौकेवर हेच दिवे लावायचे तर अडॅप्टरच्या जागी यूपीएसची १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी येते. ती पूर्ण उपसायची नाही, निम्मी धरा. आपले बारा साखळ्यांचे १८० मिलिअँपिअर असतील तर पूर्ण उजेडात १९ तास, म्हणजे एका रात्रीला गरजेपेक्षा कितीतरी जास्त. खरं बघता नौकेला ती जड होते, छोट्या नौकेला लहान बॅटरी घ्या. भरलेली बॅटरी बारापेक्षा जास्त, जवळपास पावणेतेरा व्होल्ट देते, म्हणून तिथे १८० ऐवजी २२० ओहमचे रेझिस्टर बसवा. आणि बॅटरीच्या प्लसला लागूनच १ अँपिअरचा फ्यूज, कारण शॉर्ट झाल्यावर अडॅप्टर स्वतः बंद पडतो, बॅटरी पडत नाही. तार लाल होते.

काही पेटलं नाही तर

एक साखळी मेली आणि बाकीच्या ठीक, तर त्यातला एक एलईडी उलटा आहे किंवा एक जोड कच्चा. अडॅप्टर चालू ठेवून एलईडी एकेक करून हलवा, ज्याला हलवल्यावर साखळी लुकलुकली तो जोड पुन्हा तापवा. सगळंच मेलं तर डिमर बाजूला काढा आणि दिवे थेट अडॅप्टरला लावा. पेटले तर दोष डिमरमध्ये. मग चिपच्या ८ आणि १ मध्ये बारा व्होल्ट आहेत का मोजा, ४ आणि ८ जोडलेत का बघा. निम्म्या वेळा हाच ४ नंबर राहिलेला असतो. ३ नंबरवर मल्टिमीटर लावून पॉट फिरवला की आकडा सावकाश वर-खाली व्हायला हवा. तो होत असेल आणि दिवे तरीही हलत नसतील, तर मॉस्फेटचे पाय पुन्हा वाचा.

विसर्जनानंतर माळ गुंडाळताना कोपरापासून पंजापर्यंत वेढे घालू नका, एकसंध तारा तिथेच तुटतात. जुन्या वहीच्या पुठ्ठ्यावर सैल गुंडाळा आणि पुठ्ठ्यावर पेनाने रेझिस्टरची किंमत, साखळ्यांची संख्या आणि साल लिहून ठेवा. पिशवीत सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका, बुटांच्या खोक्यात येतात त्या चालतात. माझ्या सर्वांत जुन्या पुठ्ठ्यावर रेझिस्टरची किंमत नाही, फक्त आईच्या अक्षरात ‘हे लुकलुकत नाहीत’ एवढंच लिहिलं आहे.